शुक्रवारीच पोहोचा: बेळगावहून मद्रासच्या सर्किटवर

आपल्याकडे शर्यत म्हटली की आधी बैलगाडी आठवते, आणि गाड्यांच्या रेसचं वेड लागलंच तर कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकपर्यंत धाव. खरं तर बेळगावच्या बगलेतून जाणारा हायवे, पूर्वीचा चार नंबर आणि आताचा अठ्ठेचाळीस, न सोडता चालत राहिलात तर धारवाड, तुमकूर, बेंगळूर, वेल्लूर करत तो इरुंगाट्टुकोट्टईला पोहोचतो. मद्रास इंटरनॅशनल सर्किट तिथेच आहे, चेन्नईच्या साधारण ४० किलोमीटर अलीकडे. एकूण अंतर आठशेच्या आसपास.

गाडीने एका दमात जाऊ नका. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत बेंगळूर गाठायचं आणि सकाळी चेन्नईची बस धरायची, हेच परवडतं. बसमध्ये चढतानाच कंडक्टरला ‘श्रीपेरुंबुदूरच्या पुढे, इरुंगाट्टुकोट्टई’ असं सांगून ठेवा, नाहीतर तो थेट शहरात नेऊन सोडतो आणि तीस-चाळीस किलोमीटर उलटं यावं लागतं. खूण म्हणजे ह्युंदाईचा कारखाना. मुक्कामासाठी श्रीपेरुंबुदूर बरं. चेन्नईत राहिलात तर सकाळचं पहिलं सेशन ट्रॅफिकमध्येच जातं. तिकिटं काढण्याआधी सर्किटच्या क्लबने जाहीर केलेली तारीख पुन्हा एकदा बघा, नॅशनल चॅम्पियनशिपचे राउंड, म्हणजे टप्पे, पुढे-मागे होतात. शिवाय ठिकाणाचा घोळ करू नका. ऑगस्टअखेर २०२४ मध्ये रात्रीच्या दिव्यांत झालेली फॉर्म्युला फोर गाड्यांची रेस शहरात आयलँड ग्राउंड्सच्या रस्त्यांवर होती, या सर्किटवर नव्हे.

सर्किट मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं. क्लब १९५३ चा, सर्किट सुरू झालं १९९० मध्ये. मधली बरीच वर्षं रेस व्हायच्या चेन्नईजवळच्या शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर. धावपट्टीवर वेग मिळतो, पण ती रेससाठी बांधलेली नसते. वळणाला कल नाही, बाहेर गेलेल्या गाडीला थांबवायला आखलेली जागा नाही. म्हणून क्लबने स्वतःचा ट्रॅक बांधला. तो झाला तेव्हा शेजारी ह्युंदाईही नव्हती, ती १९९८ ची. कोईमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन टाकून बनवलेल्या फॉर्म्युला मारुती गाड्या इथे धावल्या. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वन म्हणजे एफ वनमध्ये पोहोचलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, त्याच गाड्यांतून तयार झाला. एमआरएफ टायर कंपनीच्या एमआरएफ चॅलेंज मालिकेत मायकेल शुमाकरचा मुलगा मिकही इथे चालवून गेलाय. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटचं नाव मोठं, पण तिथे एफ वन झाली ती २०११ ते २०१३, तीनच वर्षं. देशातली रेसिंगची रोजची भाकरी जास्त करून इथे आणि कोईमतूरच्या करी स्पीडवेवर भाजली जाते.

पूर्ण ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. वळणं सी-१, सी-२ अशी नंबरांनीच ओळखतात. १६५ सीसीच्या बाइक दोन मिनिटांच्या आसपास लॅप (ट्रॅकची एक फेरी) मारतात, म्हणजे सरासरी ताशी १११ किलोमीटर. दोन लिटर इंजिनाच्या सिंगल सीटर, म्हणजे एकाच सीटच्या रेसगाड्या, दीड मिनिटाच्या घरात, म्हणजे दीडशेला टेकलेली सरासरी. बाइकच्या त्या सरासरीला एक सेकंद म्हणजे ३१ मीटर. हा हिशोब डोक्यात असला की टायमिंग शीटवरचा ०.१ चा फरक तीन मीटर होऊन डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता शुक्रवारचं. बहुतेक लोक रविवारी येतात, मुख्य स्ट्रेटसमोर, म्हणजे सरळ पट्ट्यासमोर, बसतात आणि सूं-सूं आवाज ऐकून परत जातात. आम्ही गेलो तेव्हा नॅशनल राउंडला तिकीट नव्हतं आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम गाड्या तयार करतात त्या आवारात, फिरता येत होतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथ-ड्रिलवर हात काळे केलेल्या माणसाने तर स्क्रूटिनीच्या, म्हणजे रेसआधीच्या तपासणीच्या, शेडपासून हलूच नये. बाइक आत ढकलत आणतात. आरसे, साइड स्टँड, इंडिकेटर काढलेले. तपासणारा आधी खाली वाकतो आणि इंजिन ऑइलच्या ड्रेन प्लगला बोट लावतो. प्लगच्या षटकोनी डोक्यात दीड मिलिमीटरचं भोक, त्यातून ०.८ मिलिमीटरची स्टीलची तार दुपदरी पिळून जवळच्या पक्क्या भागाला बांधलेली. प्लग थरथरीने सुटला तर ऑइल आधी स्वतःच्याच मागच्या टायरखाली येतं, मग मागच्या दहा जणांच्या. तार बांधलेली असून भागत नाही. तिची ओढ प्लग घट्ट होण्याच्या बाजूला हवी. उलट बांधलेली तार तो परत सोडायला लावतो. पीळ इंचाला सहा ते आठ. जास्त पिळली की तार ठिसूळ होऊन गाठीशी तुटते. भोक पाडण्यातही खोच आहे. एका सपाट बाजूकडून आत शिरून शेजारच्या बाजूने बाहेर पडायचं असतं आणि बिट मोडतं ते हमखास बाहेर पडताना, कारण तिथे पृष्ठभाग तिरका. पंच मारून सुरुवात, वेग जास्त, दाब कमी, शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला हात हलका. भोक कोपऱ्याच्या फार जवळ घेतलं की कड फुटते.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत रेसला साधं पाणीच भरतात. ग्लायकॉलवालं कूलंट सांडलं तर डांबरावरून सहजी निघत नाही आणि टायर साबणावर गेल्यासारखा जातो.

शनिवारी क्वालिफाइंग (रेसच्या सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या लॅप) आणि बहुधा पहिल्या रेस. या दिवशी जागा बदलत राहा. स्ट्रेटवर कोण पुढे हे कळतं, का पुढे हे ब्रेकिंगच्या जागी कळतं. एक खूण पकडा, अंतराचा बोर्ड किंवा डांबरावरचा डाग, आणि कोण तिच्या आधी ब्रेक दाबतो, कोण नंतर, हे सलग पाच लॅप बघा. उशिरा दाबणाराच नेहमी वेगवान असतो असं नाही. वळणातून बाहेर पडताना ज्याचं थ्रॉटल आधी उघडतं तो पुढच्या स्ट्रेटवर फायदा खातो. इंजिन आवाजात आधी चढतं, डोळ्याला नंतर दिसतं. कानात इअरप्लग घालूनही हे नीट ऐकू येतं, म्हणून ते घालाच.

छोट्या बाइकच्या रेस सहा-आठ-दहा लॅपच्या असतात आणि माझ्या मते सर्वांत बघण्यासारख्या त्याच. सगळ्यांची ताकद सारखी, त्यामुळे पुढच्याच्या आडोशाला, हवेच्या सावलीत राहणाऱ्याला जोर कमी लागतो. शेवटच्या वळणातून पहिला बाहेर पडणारा बरेचदा रेषेवर दुसरा असतो, तेव्हा ‘हा मुद्दाम मागे राहिला का?’ असं विचारू नका. हो, मुद्दामच.

झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे डांबर निसरडं. काळ्यावर नारिंगी गोळा नंबरासकट दिसला तर त्या गाडीत बिघाड आहे, तिने पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी, यायचं. लाल आला की सगळं थांबतं. मग किती लॅप झाल्या त्यावर रेस पुन्हा लावतात किंवा मागच्या लॅपचा क्रम धरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पाऊस. आपल्याकडचा संपला म्हणून रेनकोट घरी ठेवू नका. बाकी महिन्यांत ऊन इतकं की टोपी आणि माणशी तीन लिटर पाणी लागतंच.

रविवारी चौकटीचा झेंडा पडला की गर्दी पांगते. तुम्ही नोटीस बोर्डाकडे जा. तिथे लागतो तो तात्पुरता निकाल. हरकत आली तर जिंकलेलं इंजिन उघडतात, सिलिंडरचा व्यास मोजणारा बोअर गेज आत जातो, कॅमची उंची मायक्रोमीटरवर घेतात, आणि मेकॅनिक हाताची घडी घालून बाजूला उभा असतो. त्यासाठी परतीचं तिकीट सोमवारचं काढा.