कमी-जास्त होणाऱ्या आजाराचा पुरावा : माझा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका शासकीय रुग्णालयात मी दिव्यांगत्व तपासणीसाठी गेलो होतो. नंबर लागेपर्यंत तीन तास गेले आणि तपासणी पाच-सात मिनिटांत उरकली. डॉक्टरांनी मला दहा-बारा पावले चालायला लावले, मूठ आवळायला सांगितली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि विचारले, "काय त्रास होतो?" मी म्हणालो, "आता बरं आहे, सर." कोणी विचारपूस केली की हेच उत्तर तोंडी येते, आणि त्या थंडीच्या आठवड्यात मला खरोखरच बरे होते. आई शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "अरे, गेल्या सोमवारी तू अंथरुणातून उठला नव्हतास ते सांग की." पण तोवर पुढच्या माणसाचे नाव पुकारले गेले होते. प्रमाणपत्रावर ३० टक्के आले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. त्या योजनेचे दरमहा १५०० रुपये त्या वेळी आमच्या घरात औषधांच्या दृष्टीने मोठी रक्कम होती.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूकडून अवयवांकडे जाणारे संदेश मंदावतात किंवा तुटतात. माझ्या प्रकारात आजार झटक्याझटक्याने येतो. २०१९ मध्ये डाव्या डोळ्याने दिसणे अंधुक झाले आणि दीड महिन्यात जवळजवळ पूर्ववत झाले; २०२१ मध्ये दोन्ही पाय कमरेपासून बधिर झाले, तेव्हा मिरजेत एमआरआय होऊन निदान झाले आणि पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड द्यावे लागले. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही सगळे दिवस सारखे नसतात. अंगातली उष्णता वाढली की त्रास तात्पुरता वाढतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच हे नोंदवले होते. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत याचा अर्थ काय होतो, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. जानेवारीत मला पाहणाऱ्या डॉक्टरांना मे महिन्यातला मी दिसणे शक्यच नव्हते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर मी चिडलो होतो, हे खरे; पण आठवडाभराने फाइल उघडली तेव्हा लक्षात आले की तिच्यात आजाराचा पुरावा भरपूर असला तरी त्या आजाराने मला काय करता येत नाही, याचा पुरावा एकही नव्हता. एमआरआयचा अहवाल मेंदूतले व्रण दाखवतो. दुधाची पिशवी आणायला गेलेला माणूस वाटेत दोनदा का बसतो, ते दाखवत नाही. माझ्या न्यूरोलॉजिस्टांचे पत्रही "सदर रुग्णास मल्टिपल स्क्लेरोसिस असून उपचार चालू आहेत" एवढ्या एकाच ओळीचे होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्टपणे आहे. याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्राबाबतच्या निर्णयावर अपील करण्याची तरतूद आहे. मी आधी त्याच रुग्णालयाकडे फेरतपासणीचा लेखी अर्ज दिला, त्यात या दोन्ही गोष्टींचा उल्लेख केला आणि नव्याने कागद जोडणार असल्याचे लिहून पोच घेतली. त्यानंतरचे चार महिने कागद जमवण्यात गेले.

त्यातला सर्वांत उपयोगी पुरावा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता. आमच्याकडे कालनिर्णयाच्या चौकटीत आई दूध किती घेतले ते लिहिते आणि गॅस सिलिंडर कधी लावला त्याची खूण करते. दुधाच्या आकड्याखाली मी रोज रात्री तीन गोष्टी लिहू लागलो: न थांबता कुठवर चाललो, शर्टाची बटणे स्वतः लावली की आईने, आणि दुपारी किती वेळ पडून राहावे लागले. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंतचे अंतर भाच्याने मोबाइलवर मोजून दिले, ते २८० मीटर भरले. त्यामुळे "डेअरी, एकदा बसलो" एवढे लिहिले तरी पुरत असे. चांगले दिवसही मी तितक्याच प्रामाणिकपणे लिहिले. ते लिहिल्याने टक्के कमी होतील अशी भीती वाटत होती, पण सगळेच दिवस वाईट दाखवणारी नोंद वाचणाऱ्याला खरी वाटणार नाही आणि ती खरी नसेलही, असे माझे मत होते व आजही आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी तपासणीला काठी घेऊन जाण्याचा सल्ला दिला होता. घरात मी काठी वापरत नव्हतो, म्हणून नेली नाही.

दुसरा कागद मार्केट यार्डातून आला. हळदीच्या एका अडत दुकानात मी नऊ वर्षे दिवाणजी होतो. शेठजींकडे मी शेवटच्या सहा महिन्यांची हजेरी मागितली, तेव्हा त्यांनी मूळ वहीच पुढे सरकवली आणि म्हणाले, "लागेल तेवढी झेरॉक्स काढून घ्या." मार्चच्या पानावर माझ्या नावापुढे सलग पाच पूर्ण दिवस, मग तीन अर्धे, मग चार कोरे रकाने होते, आणि पुन्हा पूर्ण दिवस. हे पान पाहताना मला भरून आले, कारण मी तोंडाने कधीच नीट सांगू शकलो नव्हतो ते दुसऱ्याच्या हाताने, पगाराच्या हिशेबासाठी, तारीखवार लिहून ठेवलेले होते. शेठजींनी सोबत पत्रही दिले. एकाच्या दोन आकृत्या दिसू लागल्याने माझ्याकडून जमेची रक्कम नावेच्या बाजूला पडू लागली आणि म्हणून काम सोडावे लागले, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले.

न्यूरोलॉजिस्टांकडे जाताना मी या वेळी एक पानभर मुद्दे लिहून नेले आणि कालनिर्णयाच्या झेरॉक्स प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. दहा मिनिटे त्यांनी त्या वाचल्या. नवीन पत्रात त्यांनी दोन्ही झटक्यांच्या तारखा, आजार कमी-जास्त होणारा असल्याचे कारण, विश्रांतीशिवाय चालता येणारे अंतर सुमारे ३०० मीटर आणि त्यानुसार ईडीएसएस या (मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे आलेली अक्षमता ० ते १० अंकांत मोजणाऱ्या) मापनश्रेणीवर ४.५ हा अंक, लघवीची घाई, तसेच एका दिवसाच्या तपासणीतून या रुग्णाची खरी स्थिती कळणार नाही, हे सारे लिहिले. हे पत्र पहिल्यांदाच का मिळाले नाही, याचे उत्तर एवढेच की मी ते मागितलेच नव्हते. डिस्चार्ज कार्डे, एमआरआयचे अहवाल आणि डोळ्यांकडून मेंदूकडे संदेश किती वेळात पोचतो ते मोजणाऱ्या व्हीईपी चाचणीचा अहवाल तारखेच्या क्रमाने लावून वर एक सूची जोडली.

फेरतपासणी जूनमध्ये झाली. आदल्या रात्री पाऊस पडून हवा गार झाली होती, त्यामुळे मी याही वेळी बऱ्यापैकी चालत आत गेलो. "काय त्रास होतो?" या प्रश्नावर मात्र मी म्हणालो, "आज चांगला दिवस आहे, सर. गेल्या महिन्यात असे अकरा दिवस होते. बाकीचे वीस या कागदांत आहेत." डॉक्टरांनी मे महिन्याचे पान उचलले, हजेरीचे पान त्याच्या शेजारी ठेवले, आणि मग आईला विचारले की बटणे लावायला तुम्हाला किती वेळा बोलावतात. आईने न अडखळता सांगितले.

प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचे आले, तात्पुरत्या स्वरूपाचे, पाच वर्षांनी पुन्हा तपासणीच्या अटीवर. त्यानंतर तलाठ्यांचा अहवाल, तहसीलदारांचा ५० हजारांच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार आणि बँक पासबुक जोडून तहसील कार्यालयात अर्ज दिला. तिथे फारशी अडचण आली नाही आणि समितीच्या बैठकीत तो मंजूर झाला. एस.टी.च्या भाड्यातही सवलत मिळू लागल्याने तपासणीसाठी मिरजेला जाणे आता तेवढे जड वाटत नाही.

पुढची तपासणी २०२९ मध्ये आहे. दुधाच्या आकड्याखालची नोंद मी अजून रोज करतो, आणि वर्ष संपले तरी जुने कालनिर्णय रद्दीत घालायचे नाही, असे आईला सांगून ठेवले आहे.