आठ मार्कांची केटी

परवा रात्री दहा वाजता भावाचा फोन आला. "ताई, एमथ्री राहिला." इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरचं गणित. म्हणजे केटी, पुढच्या सेमिस्टरला जायचं आणि नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा. मग बराच वेळ नुसता आमच्या सोलापुरातल्या पंख्याचा खडखडाट. हा विषय आपल्या घरात आनुवंशिक आहे बहुतेक, असं म्हणून बघितलं, पण तो हसला नाही. त्याला एकच विचारायचं होतं, "आता सीजीपीए कितीनं पडणार?" म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी.

फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझा निकाल लागला तो जानेवारी २०२३ मध्ये, ऐन गड्ड्याच्या जत्रेत. होम मैदानावर मैत्रिणींबरोबर पाळण्याच्या रांगेत उभी होते. गर्दीत मोबाइलला रेंज नाही, साइट अर्धी उघडून अडकलेली. शेवटी उघडली ती आमचा नंबर आल्यावर. एमथ्री, थिअरी, ७० पैकी २१. पास व्हायला २८ लागतात. इंटर्नलला ३० पैकी १३ होते, पण ते थिअरीच्या मदतीला येत नाहीत, दोन्हींचं पासिंग वेगळं. पाळण्यात बसले मात्र. पैसे भरले होते.

गुणपत्रिकेवर त्या विषयापुढे एफ आणि एसजीपीएच्या, म्हणजे त्या सेमिस्टरच्या सरासरीच्या, रकान्यात आडवी रेघ. त्या रेघेनं जास्त घाबरवलं. मग मीच वही काढून हिशोब मांडला. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. सेमिस्टरला २० क्रेडिट, त्यातले ४ एमथ्रीचे. बाकी १६ क्रेडिटच्या विषयांचे ग्रेड पॉइंट आपापल्या क्रेडिटनं गुणून बेरीज १२० आली. एफचे पॉइंट शून्य. १२० भागिले २०, म्हणजे ६.

पप्पा शेजारी भाकरी मोडत बसले होते. ते अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर आहेत. म्हणाले, "त्या विषयाचं शून्य आलं ना, मग भागताना त्याचे चार कशाला धरतेस? सोळानंच भाग." मी म्हटलं, तसं नसतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हां. टॉवेल खराब निघाला तरी सूत लागलेलंच असतं." सीजीपीएची इतकी सोपी फोड मला कॉलेजात कुणी करून दिली नव्हती.

तर भावा, पहिली गोष्ट. तो एफ कायमचा हिशोबात राहत नाही. विषय सुटला की शून्याच्या जागी नवीन ग्रेडचे पॉइंट येतात आणि सेमिस्टर पुन्हा मोजतात. आपल्याकडे तरी असंच. आमचा आतेभाऊ मेलबर्नला शिकतो, तिथं विषयाला युनिट म्हणतात आणि सरासरीला वॅम. त्याच्याकडे नापासाचे मार्क सरासरीतून जात नाहीत. पहिल्यांदा ३८ आणि परत देऊन ७० मिळाले, तर दोन्ही धरतात, म्हणजे त्या युनिटपुरते ५४ झाले. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत हीच रीत. ब्रिटनमध्ये तर पुष्कळ ठिकाणी फेरपरीक्षेत कितीही चांगला पेपर लिहा, पासिंगपुरतेच ४० धरतात. त्या मानानं आपली केटी फार दयाळू आहे. आणि मी त्या दयेचं काय केलं, ते आता सांगते.

उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली, पाहिली, गप्प बसले. पेपर खरंच तेवढाच होता. केटीचा फॉर्म भरला. उन्हाळी परीक्षेत चौथ्या सेमिस्टरचे पाच पेपर आणि मधे घुसलेला हा सहावा. मे महिन्यात सोलापूर कसं असतं ते सांगायला नको. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी तोंडावर मारलं तर तोंड भाजतं. मी ठरवलं, नुसता सुटला पाहिजे. लाप्लास पक्कं केलं, अभ्यासक्रमातली आणखी तीन युनिट, म्हणजे प्रकरणं, बरी केली, उरलेली दोन ऑप्शनला टाकली. ७० पैकी २९ पडले. इंटर्नलचे जुने १३ तसेच पुढे आले. एकूण ४२. ग्रेड पी, पॉइंट ४. सेमिस्टर ६ वरून ६.८० झालं. त्या संध्याकाळी पार्क चौकात मी पाच जणींना भेळ खिलवली.

२०२५ मध्ये डिग्री संपली. १६० क्रेडिट, एकूण पॉइंट १०७४. भागाकार ६.७१.

एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांना केटीचं काही वाटत नव्हतं. लाइव्ह केटी (न सुटलेली) नको, डेड केटी (सुटलेली) चालेल, असं त्यांच्या नोटिशीतच होतं. माझी केव्हाच डेड झालेली. पण एका कंपनीच्या फॉर्ममध्ये खाली ओळ होती, ६० टक्के हवेत. मी ६.७१ टाकलं आणि सबमिटचं बटण राखाडीच राहिलं. फोन हलवून पाहिला. हसू नकोस.

त्या रात्री जुनी वही काढली. एमथ्रीला पीऐवजी बी असता, तर ४ ऐवजी ६ पॉइंट, गुणिले ४ क्रेडिट, म्हणजे ८ पॉइंट जास्त. १०८२ भागिले १६०, ६.७६. आमच्याकडे बी ५० मार्कांपासून सुरू होतो. माझे ४२ होते. केटी लागली म्हणून माझा फर्स्ट क्लास गेला, असं घरात सगळे समजतात, आईसुद्धा. गेला तो केटी कशीबशी सोडवली म्हणून. केटीनं मला सगळं परत दिलं होतं, कोरा पेपर आणि तीन तास. (दुसऱ्या विषयांतही आठ पॉइंट निघाले असते, हे मला कळतं. पण तिथं मी प्रयत्न केला होता. इथं मी दोन युनिट हातानं बाजूला ठेवली होती.)

नोकरी लागली पुढे, छोट्या कंपनीत, टेस्टिंगची. बरं चाललंय.

तुझा एकच विषय राहिलाय, वायडीचा, म्हणजे वर्ष वाया जाण्याचा, प्रश्नच नाही. आणि पप्पांना फीचा आकडा आधी सांग, मार्कांचा नंतर. ते त्याच क्रमानं ऐकतात.

शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी आले. भावानं माळ्यावरून माझी एमथ्रीची वही शोधून ठेवली होती. चाळत चाळत शेवटाकडे गेला, मागून पुढे, पुन्हा पुढून मागे.

"ताई, फुरिये कुठंय यात?"

"ऑप्शनला."

त्यानं वही मिटली नाही. पेन मागितलं.