आधी पेज शिक, बिर्याणीचं नंतर बघू

मामेभाऊ 9 ऑगस्टला पुण्याला चाललाय, पहिली नोकरी, तिथे अजून तीन मुलांबरोबर फ्लॅट घेतलाय. मामीचा फोन आला की तुला सगळं येतं तर याला दोन-चार गोष्टी शिकव रे, बाहेरचं खाऊन पोट खराब करून घेईल, म्हणून जुलै लागल्यापासून तो दर रविवारी सकाळची कदंब (गोव्याची सरकारी) बस पकडून फोंड्याला आमच्याकडे येतो. पहिल्याच रविवारी मोबाईलवर यादी काढून दाखवली, बिर्याणी, पनीर, शेजवान राईस. मी म्हटलं ते करू सावकाश, पण आधी पेज.

तोंड पडलं त्याचं. पेज काय शिकायची, तांदूळ आणि पाणी.

मलाही तेवीस वर्षांचा होईपर्यंत असंच वाटायचं. एका पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला, बाबा कामानिमित्त रत्नागिरीला, ताई लग्न होऊन सावंतवाडीला, आणि घरात मी एकटा. आईला 102 ताप, डॉक्टरांनी सांगितलेलं की पातळ काहीतरी पोटात जात राहू दे, आणि ती पडल्या पडल्या मला म्हणाली, थोडी पेज कर. मी डब्यातले हाताला लागले ते सुरय, म्हणजे न उकडलेले, तांदूळ घेतले, दोन वाट्या पाणी घालून कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, उघडला तर कोरडा भात. त्यात वरून गरम पाणी ओतून नेलं तर तिने एक घास घेतला आणि काही न बोलता उठली, भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात गेली आणि स्वतःसाठी स्वतः पेज ठेवली. मी मागे उभा होतो. शेजारच्या काकी आल्या, टोपात डोकावून "पुता, उदक उणें पडलां रे" (पोरा, पाणी कमी पडलंय) म्हणाल्या आणि आईला हाताला धरून परत खाटेवर नेऊन बसवलं. ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही. इंजिनिअर झालो होतो तोपर्यंत, वेर्ण्याला नोकरी होती, आणि आजारी आईला वाटीभर पेज देता येत नव्हती.

म्हणून पेज.

एक वाटी उकडे तांदूळ, तीन-चार पाण्यात धुवून अर्धा तास भिजत. मग टोपात सात वाट्या पाणी, मोठ्या आचेवर उकळी, उकळी आली की आच कमी, झाकण अर्धवट, आणि पाऊण तास तिथून लांब जायचं नाही. त्याने विचारलं कुकरला का नको? मी म्हटलं कुकरला लाव नंतर, लवकर होईल, पण आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि तुला आधी बघायला शिकायचंय. दाणा फुगतो कसा, पाणी पांढरट कधी व्हायला लागतं, फेस वर येतो तेव्हा आच किती खाली आणायची, दाणा बोटात चेपला की आत कडक कणी लागते की नाही. उकड्या तांदळाला वेळ लागतो कारण भात टरफलासकट उकडून, वाळवून मग गिरणीतून काढलेला असतो, दाणा घट्ट झालेला असतो. हे एकदा कळलं की दुसरा कुठलाही तांदूळ हातात आला तरी माणूस पाण्याचा विचार करतो. मीठ शेवटी. आजारी माणसासाठी वरची निवळ वेगळी काढायची, आपल्यासाठी दाण्यासकट, सोबत चेपणीतलं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, नाहीतर भाजलेला सुका बांगडा.

पहिल्या रविवारी खाली लागली त्याची. दुसऱ्या रविवारी बरोबर झाली आणि त्याने आत्याला, म्हणजे माझ्या आईला, वाटी भरून नेऊन दिली. आईने दोनदा घेतली.

आईचंच एक सांगायचंय. ती बिचारी दाराशी उभी राहते आणि याने कांदा धरला की तिचा हात पुढे येतो, दे रे मी चिरते. मी तिला पुढच्या खोलीत बसवतो. मला खरंच वाटतं आपल्या घरांतले मुलगे शिकत नाहीत ते आळसामुळे कमी आणि या पुढे येणाऱ्या हातामुळे जास्त. ताई चौदाव्या वर्षी आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खवायची, मासे साफ करायची, तेव्हा कोणी तिला म्हटलं नाही की दे मी करते. मला मात्र ताटावर बोलवायचे. माया दोघांवर सारखीच होती, तरी चूक झाली आणि ती आमच्या घरात झाली असं मी आईला तोंडावर बोललोय, तिलाही ते पटलंय.

डाळीचं तिसऱ्या रविवारी. त्याने डाळ शिजत टाकतानाच सोलं (आमसुलं) टाकली, आणि मग शिजेचना. आंबट पडलं की डाळ मऊ व्हायला खूप वेळ घेते, म्हणून आधी डाळ पूर्ण शिजू द्यायची, मग सोलं. त्याच दिवशी गॅसचंही घेतलं, कारण चार मुलं नवीन घरात म्हणजे सिलिंडर बदलणारं कोणीतरी हवंच. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि आकडा असतो, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी वर्षाचे शेवटचे तीन महिने, आणि पुढे वर्ष. ती सिलिंडरच्या तपासणीची मुदत, उलटून गेली असेल तर घ्यायचाच नाही, परत पाठवायचा. वास आला तर लाईटचं बटण चालू-बंद काही करायचं नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, घराबाहेर येऊन 1906 ला फोन. हे त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं, हसत होता, तिसऱ्यांदा हसला नाही.

बाकीचं पटापट झालं. कपडे रंगाचे वेगळे, एवढंच. लायटीच्या बिलाचं त्याला गणित आवडलं, दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, चौघांनी चालू ठेवून विसरले तर महिन्याला किती ते त्याने स्वतःच मोबाईलवर काढलं आणि लगेच फ्लॅटच्या ग्रुपवर टाकलं. आणि पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, कोणी मागितला तर फोन ठेवून द्यायचा, हे मामीलाही सांग म्हटलं.

आता मासे राहिलेत. मासेमारी बंदी 31 जुलैपर्यंत आहे, सध्या मार्केटात ताजं फार मिळत नाही आणि मिळतं ते परवडत नाही, त्यामुळे सुक्या बांगड्यावर आणि अंड्यांवर चाललंय. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ट्रॉलरचे बांगडे आले असतील तर हुमण, म्हणजे माशांची आमटी, करायचं ठरलंय. मार्केटात तो एकटा जाणार, मी घरीच थांबणार. कल्ले उचलून बघ, लाल पाहिजेत, डोळे वर आलेले आणि चकचकीत, बोट दाबलं की खळगा राहता कामा नये, आणि नुस्तेकान्न (मासेवाली) काय म्हणते ते ऐक पण स्वतः हात लावून बघ, एवढं सांगितलंय. तेफळं (तिरफळं) आणि खोबरं मी आणून ठेवतो. पुण्याला न्यायला पाच किलो उकडे तांदूळ आईने कालच बांधून ठेवलेत.