तुर्भ्याचं मसाला मार्केट आणि अफूची शेतं

ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की कोपरखैरण्यानंतर तुर्भे येतं. तिथून रिक्षाने एपीएमसीचं मसाला मार्केट जवळच आहे. मला बघायचे होते सुक्या मेव्याचे आणि हिंगाचे गाळे. अफगाणिस्तानातल्या शेतकऱ्याने अफूऐवजी दुसरं काही पिकवलं, तर ते घेणार कोण, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. घेणाऱ्यांपैकी काही जण इथे बसतात.

आत शिरलं की मिरची, हिंग आणि गोणपाटाचा वास एकदमच अंगावर येतो. पाठीवर गोणी घेतलेले माथाडी "ओ ताई, बाजूला!" म्हणत झपाझप निघून जातात. ओळखीतल्या एका व्यापारीकाकांनी गाळ्यावर बसवून घेतलं आणि अंजिरांची माळ हातात दिली. दोरीत ओवलेली, दाबून चपटी केलेली अंजिरं. मधे पिवळसर, कडेला तपकिरी. "अफगाणी आहे. फोडून बघा." आत बारीक बिया खच्चून भरलेल्या होत्या. मग जर्दाळू आले, आणि शेवटी कच्च्या हिंगाचा डबा. झाकण उघडताच डोळ्यांत पाणी आलं. लालसर, चिकट खडे. मुळाला छेद द्यायचा, वाहणारा चीक सुकला की खरवडून घ्यायचा, असं हे पीक. अफूच्या बोंडालाही चिरा देऊन चीकच काढतात. हातांचं कसब फार वेगळं नाही. फरक पुढच्या वाटेत आहे.

अफूचा चीक वर्षानुवर्षं टिकतो. थोड्या वजनात जास्त पैसे येतात, त्यामुळे रस्ता नसला तरी चालतं. व्यापारी दारात येतो, आधी उचलही देतो. डाळिंबाला मात्र रस्ता हवा, शीतगृह हवं, उघडी सीमा हवी. हिंगाला तर चीक धरायलाच काही वर्षं लागतात. तोवर घर कशावर चालवायचं?

एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टर असलेली लागवड २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरवर आली. अनेकांनी त्या जागी गहू पेरला. गव्हातून हेक्टरी सुमारे ७७० डॉलर मिळत होते, अफूतून जवळपास १०,०००. कांद्याला भाव नाही म्हणून तो रस्त्यावर ओतणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे आकडे समजावून सांगावे लागणार नाहीत. बंदी एका हुकमाने होते. गिऱ्हाईक तसं उभं राहत नाही.

थायलंडने हे ओळखलं होतं. १९६९ मध्ये तिथे सुरू झालेल्या राजप्रकल्पाने डोंगरातल्या अफू पिकवणाऱ्यांना फळझाडं, भाजीपाला, कॉफी दिली, आणि पिकलेला माल विकायची व्यवस्थाही लावली. त्याला काही दशकं लागली. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते: रोपं वाटणं सोपं असतं, माल उचलायची हमी देणं अवघड.

काकांचं सगळं बोलणं माल इथवर येण्याच्या रस्त्यावर येऊन थांबत होतं. २०१७ मध्ये काबूल-दिल्ली हवाई मालवाहतूक सुरू झाली. पहिल्या विमानात मुख्यतः हिंगच होता. त्याच वर्षअखेरीस काबूल-मुंबईही झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये इराणच्या चाबहार बंदरामार्गे ५७ टन माल मुंबईकडे निघाला. २०२५ मध्ये पाकिस्तानला लागून असलेली अटारीची सीमा बंद झाली, तेव्हा अडकलेले १६० अफगाण ट्रक खास परवानगीने आत घ्यावे लागले.

"माल आला नाही तर मी इराणकडून मागवीन," काका म्हणाले. "त्या शेतकऱ्याने काय करायचं?"

मी अंजिरांच्या दोन माळा आणि थोडा हिंग घेतला. तुम्ही गेलात तर सकाळीच जा. दुपारी माल भरायच्या-उतरवायच्या गर्दीत कुणाला बोलायला वेळ नसतो. किरकोळ देणारे गाळे विचारत शोधावे लागतात. आणि माल कुठला आहे ते जरूर विचारा. गिऱ्हाईक अफगाणी अंजीर नाव घेऊन मागतं, म्हणून काका पुढच्या हंगामाची मागणी आधीच कळवतात.