शाई फुटलेल्या वहीचा फोटो

मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते, छोटासाच ब्रँड आहे. पहिलं वर्षभर इन्स्टाग्रामवर जाहिरात चालू असली की ऑर्डर यायच्या, बंद केली की फोन गप्प. मग एकदा सगळा हिशोब मांडून बसले तर दिसलं की जाहिरात बघून आलेल्यांपैकी दुसऱ्यांदा वही घेणारं जवळजवळ कोणीच नाही, आणि जे परत परत घेतात ते सगळे कोणाच्या तरी हातात वही बघून आलेले. त्याच दिवशी जाहिरात थांबवली.

जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला मेसेज केला, कॉपी-पेस्ट नाही, नाव घालून, कुठली वही घेतली होती ते लिहून, की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतेय, यायचंय का? 23 जण आले. न विचारता कोणालाही ग्रुपमध्ये टाकू नका हं, तो माणूस कायमचा जातो.

पण ग्रुप तीन महिने मेलेलाच होता, कारण मी तिथे फक्त ऑफर टाकत होते. मग एका ताईंनी फोटो टाकला, शाईपेनाने लिहिलेलं पान, शाई फुटलेली आणि मागच्या बाजूला उतरलेली. माझ्या पोटात गोळाच आला, सगळ्यांसमोर तक्रार! फोटो काढून टाकायला सांगावं असंही क्षणभर वाटलं, पण मग लिहिलं की हो, हे चुकलंय, कागद बदलायला मदत कराल का? आणि त्या दिवशी ग्रुप पहिल्यांदा बोलायला लागला. कोणी आपापल्या पेनांचे फोटो टाकले, कोणी शाईची नावं. मला वाटायचं जाड कागद घेतला की झालं, तर कॅलिग्राफी करणाऱ्या एका दादांनी समजावलं की शाई पसरणं हे जाडीपेक्षा कागदाच्या सायझिंगवर, म्हणजे शाई पटकन शोषली जाऊ नये म्हणून कागद बनवताना करतात त्या प्रक्रियेवर जास्त असतं, म्हणून 100 जीएसएमच्या (एका चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावरही शाई फुटू शकते. मी तीन कागदांचे तुकडे आठ जणांना पाठवले, त्यांनी लिहून बघितलं, त्यातला एक ठरला. नवी वही आल्यावर ती मी कोणाला विकायला गेलेच नाही, तेच आपल्या मित्रमैत्रिणींना सांगत होते, हा कागद आम्ही निवडलाय.

लेगोसारखी खेळण्यातले ठोकळे बनवणारी मोठी कंपनीही हे करते, लेगो आयडियाज या त्यांच्या वेबसाइटवर लोक स्वतःची डिझाईन टाकतात आणि 10,000 जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी ते सेट म्हणून काढायचा विचार करते. आपल्याला आठ जण पुरतात.

ग्रुपमध्ये बोलणारे मोजकेच असतात, बाकीचे नुसते वाचतात, त्यांच्या मागे लागू नका. माझी एक गिऱ्हाईक आजवर एक अक्षर बोललेली नाही आणि तिच्या ओळखीतून पाच जण आलेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप न काढता एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवता येतो, त्या ब्रॉडकास्ट लिस्टचं एक सांगते. एका लिस्टमध्ये 256 च नंबर बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून मी पार्सलमध्ये हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवते, नंबर सेव्ह कराल का म्हणून.

परवा एकीने विचारलं, डाव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी उजवीकडून शिवलेली वही मिळेल का? मी उत्तर द्यायच्या आधीच चौघांनी आपापल्या वह्या उलट्या धरून लिहून बघितलं आणि फोटो टाकले, ते बघून मी आज सकाळी कागद कापायला घेतलाय.