फरशीचे पापुद्रे आणि खाणीतला थर

जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात दोन बाय दोनची शाहाबादी फरशी बसवून वर्षही झालं नव्हतं, आणि तिचे पापुद्रे निघायला लागले. मालकांचा राग ठेकेदारावर, ठेकेदाराचा सिमेंटवर. मिस्त्री मात्र म्हणाले, "साहेब, माल दोन गाड्यांत आला. पहिल्या गाडीचा घट्ट हाय, दुसऱ्याचाच सुटतोय."

उरलेल्या फरश्या मागच्या शेडात होत्या. वरचा चेहरा बघून काही कळत नाही, बघायची ती कड. ओल्या फडक्याने कड पुसून थांबलं की स्वच्छ चुनखडक आधी फिकट होतो, मातकट रेघ ओली, काळपट राहते. पहिल्या गाडीच्या फरशीत अशी रेघ एखादीच. दुसऱ्या गाडीच्या सव्वा इंचात सहा-सात. टिचकीला पहिली खणखणली, दुसरी बद्द वाजली.

मग एक भाग ॲसिड नऊ भाग पाण्यात (ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही) करून थेंब टाकले. चुनखडक फसफसला, रेघेवर जेमतेम बुडबुडे. दोन्हींची 10-10 ग्रॅम पूड फेस थांबेपर्यंत विरघळवली, गाळून, वाळवून तोलली. न विरघळलेला गाळ दुसरीत कितीतरी जास्त.

हा गाळ आला कुठून? शाहाबादी फरशी भीमा खोऱ्यातल्या चुनखडकाची. तिथल्या खडकांचा पाया ग्रॅनाइट-नाइसचा, म्हणजे जुन्या कठीण खडकांचा. त्यावर गोट्यांचा खडक, मग वाळूखडक, हिरवट-जांभळा शेल (चिखलाचा पापुद्री खडक) आणि वर चुनखडक. म्हणजे समुद्र जमिनीवर चढत आला. किनारा मागे सरकला तसे गोटे आणि वाळू किनाऱ्यापाशीच राहिली, पुढे बारीक चिखल गेला, आणि शेवटी नितळ पाण्यात चुना साचला. पाणी उतरलं की किनारा पुढे येतो, चिखल पुन्हा चुन्यात मिसळतो. म्हणून एकाच खाणीत काही थर निखळ, काही मातकट.

पण प्रत्येक रेघेला समुद्राचं असं चढणं-उतरणं चिकटवू नये. एखादी रेघ एका पुराच्या गाळाचीही असते. करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी असेल, तर दाबाने चुना विरघळून मागे राहिलेला चिखल तो. शिवाय पाणी फार खोल झालं तरी चुना साचणं मंदावतं आणि चिखलच उरतो. म्हणून मीटरभर थरांत रेघा वाढतात की कमी होतात ते पाहायचं, आणि चिखल वाळून पडलेल्या भेगा शोधायच्या. इथल्या फरश्यांत त्या दिसल्या नाहीत, म्हणून समुद्र उथळ होता असं मी म्हणत नाही.

खाणकामगाराला याच रेघा सोयीच्या: पहार घातली की फरशी तिथेच सुटते. इथे घात केला तो बसवल्यानंतरच्या धुण्याने. सिमेंटचे डाग काढायला बाटलीतलं ॲसिड तसंच ओतलं होतं. त्याने रेघेलगतचा चुना खाल्ला, फटीत पाणी शिरलं. रोजच्या पुसण्याने चिखल फुगत-आकसत गेला आणि वरचा पापुद्रा उचलला गेला. पहिल्या गाडीच्या फरशीची नुसती चमक गेली.

उपाय साधा. डाग ओला असतानाच पाण्याने काढायचा, पुढे सौम्य साबण. खरेदीत रंग नको, थर विचारायचा आणि प्रत्येक गाडीतल्या पाच-सहा फरश्यांची कड ओली करून बघायची.

मिस्त्रींनी 38 फरश्यांवर खडूने फुल्या मारल्या. संध्याकाळी टिचकीला त्यातल्या 5 खणखणल्या, त्यांच्या फुल्या पुसल्या.