सुरू करण्याआधी विचारलं, बंद कधी करायचं?

आमच्या वयाच्या बायकांना हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं की दोनपैकी एक होतं. एक तर कॅल्शियमची गोळी सुरू होते आणि तेवढ्यावर समाधान मानलं जातं, नाहीतर "वय झालं, चालायचंच" म्हणून विषय मिटतो. नुसत्या कॅल्शियमने ठिसूळ झालेलं हाड सावरत नाही, त्यासाठी वेगळी औषधं असतात आणि ती एकसारखी नसतात, हे मला ६९व्या वर्षी कळलं. त्यातलं एक निवडायला बरेच महिने गेले. ते कसे गेले, ते लिहिते.

निमित्त झालं मनगटाचं. मागच्या दारी फरशी ओली होती, पाय सरकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी विचारलं, "काकू, उंची कमी झालीय का?" मला हसूच आलं. घरी येऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले, ह्यांनी पट्टी धरून पेन्सिलीने खूण केली आणि टेपने मोजलं. पोस्टात लागले तेव्हा सर्व्हिस बुकात लिहिलेल्या उंचीपेक्षा दीड इंच कमी! गेली काही वर्षं साडी पायात येतेय, निऱ्या वर खोचाव्या लागतायत म्हणून मी परकर बदलत होते.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हाडांच्या मोफत तपासणीचं शिबिर झालं. टाच एका यंत्रात ठेवायची, मिनिटात चिठ्ठी हातात. माझ्या चिठ्ठीवर लाल रंगात उणे ३ च्या पुढचा आकडा होता. शेजारच्या वहिनींचाही लालच. हाडांच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी बघितली आणि बाजूला ठेवली. टाचेची सोनोग्राफी फार तर शंका घ्यायला उपयोगी, तिच्यावरून औषध ठरवायचं नसतं, असं ते म्हणाले. खरी तपासणी डेक्साची, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या एक्स-रेची. आम्ही सांगलीकर, त्यामुळे मिरजेला गेलो. टेबलावर निजायचं, वरून यंत्राचा हात सरकत जातो, दुखत काही नाही.

रिपोर्टमध्ये कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर उणे २.१ आणि खुब्याच्या मानेचा उणे २.८. तरुण निरोगी बाईच्या हाडापेक्षा आपलं किती कमी, ते टी-स्कोर सांगतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ व्हायला लागलंय, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. मणके तरी बरे आहेत म्हणून मला हायसं वाटलं, तर डॉक्टर म्हणाले, त्या आकड्यावर जाऊ नका. उतारवयात मणक्यांना झिजेमुळे कडेने हाड वाढतं, यंत्र तेही मोजतं, त्यामुळे मणका आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. त्यांनी पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला लावला. त्यात पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने चेपलेला निघाला. कधी चेपला? मला पत्ताच नाही. दोन दिवाळ्यांमागे फराळाच्या वेळी पाठ धरली होती, तेलमालिश करून बरी झाली, तेव्हाच असेल कदाचित. मणक्याची बरीचशी फ्रॅक्चर अशीच न कळता होतात म्हणे. आणि एकदा मणका चेपला की टी-स्कोर काहीही असो, औषध लागतंच.

मग रक्ताच्या तपासण्या. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पॅराथायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन, शिवाय प्रोटीनची एक वेगळी तपासणी. एवढं कशाला, म्हणून मी कुरकुरले. पण हाडं पोखरणारी दुसरी कारणंही असतात, थायरॉइडची गोळी जास्त होण्यापासून ते रक्ताच्या एका कॅन्सरपर्यंत. ती नाहीत याची खात्री करूनच औषध द्यायचं. माझ्या बाबतीत सगळं ठीक निघालं, फक्त ड जीवनसत्त्व फारच कमी, ११. सांगलीच्या उन्हात जन्म काढलेल्या बाईचं! आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दुधातून सुरू झाली. कॅल्शियमचं म्हणाल तर आपल्याकडे पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम सांगतात. नाचणीची भाकरी, तीळ, दूध, दही यांतून निम्म्याहून जास्त भागतं असा हिशोब निघाला, म्हणून गोळी एकच घेते.

पहिलं प्रिस्क्रिप्शन अ‍ॅलेन्ड्रोनेटचं होतं, ७० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी. जुनं, स्वस्त, भरपूर वापरलेलं औषध, आणि पुष्कळ जणींना तेच पुरतं. हाड सतत जुनं काढून नवं घातलं जात असतं, ही गोळी जुनं काढण्याचा वेग कमी करते. पण घ्यायची तऱ्हा कडक. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास ना चहा, ना दुसरी गोळी, ना आडवं होणं. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. मला हायटस हर्निया आहे, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलाय, अ‍ॅसिडिटीची गोळी कित्येक वर्षं चालू आहे. हे फाइलमध्ये होतं, पण गर्दीच्या ओपीडीत फाइल कोण उलटतं? पुण्यात माझी भाची फार्मासिस्ट आहे. तिला फोनवर गोळीचं नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, ही सुरू करू नकोस. हर्नियाचं सांग आणि परत विचार."

दुसऱ्या एका डॉक्टरांनी डेनोसुमॅब सुचवलं. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली. पोटाला त्रास नाही, किडनी थोडी कमजोर असली तरी चालतं. मी जवळजवळ होच म्हटलं होतं. उठता उठता सहज विचारलं, "हे बंद कधी करायचं?" डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "तसं मनाने बंद नाही करायचं."

त्या उत्तराने माझं अर्धं ठरलं. अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या गटातली औषधं हाडात मुरून राहतात, थांबवली तरी काही काळ काम करतात, म्हणून काही वर्षांनी सुट्टी देता येते. डेनोसुमॅब मुरत नाही. तारीख महिनाभराच्या वर टळली तर तुंबलेला बांध फुटावा तशी हाडाची झीज एकदम सुरू होते, आणि काही जणींचे एकामागून एक मणके चेपतात. ते थांबवायचंच झालं तर लगेच दुसरं औषध द्यावं लागतं. आता माझा मुलगा डॅलसला. आम्ही गेलो की पाच-सहा महिने तिकडेच, आणि तिथे पाहुणं म्हणून जाऊन पदरच्या पैशाने असलं इंजेक्शन घेणं आमच्या पेन्शनला झेपणारं नाही. सुनेच्या बाळंतपणाला गेले तेव्हा तिकीट दोनदा पुढे ढकललं होतं. माझ्यासारखीने तारखेला बांधलेलं औषध घेऊ नये, एवढं मला स्वतःबद्दल कळतं. औषध वाईट नाही. वहिनी तेच घेतात, आणि त्यांची लेक इथेच दोन गल्ल्यांपलीकडे राहते, ती तारीख चुकू देत नाही.

बाकीच्यांचा निकाल लवकर लागला. रॅलोक्सिफीन मणक्याला उपयोगी, पण खुब्याचं फ्रॅक्चर त्याने टळतं असं दिसलेलं नाही, आणि माझी भीती खुब्याचीच. वर रक्ताची गुठळी होण्याचा धोका. टेरिपॅराटाइड नवं हाड घालतं, पण रोज टोचून घ्यायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि नंतर कमावलेलं टिकवायला पुन्हा दुसरं औषध. माझे दोन-तीन मणके चेपलेले असते तर आधी तेच दिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

राहिलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. अ‍ॅलेन्ड्रोनेटचंच भावंड, पण वर्षातून एकदा सलाईनमधून ५ मिलिग्रॅम. २००७ साली त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात ३ वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली. मी पोस्टात आयुष्यभर आकडेच जुळवले, त्यामुळे टक्का कशाचा, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. भाचीने उलगडून सांगितलं: औषध न घेतलेल्या शंभर बायकांत जवळपास ११ जणींचा मणका चेपला, घेतलेल्यांत तीन-साडेतीन जणींचा. खुब्याचं शंभरात अडीचवरून दीडच्या आत आलं. खुब्याचा फरक ऐकायला लहान वाटतो. पण माझ्या सासूबाई खुबा मोडल्यावर परत स्वतःच्या पायाने संडासला गेल्या नाहीत, त्यामुळे मला तो लहान वाटला नाही.

सलाईनआधी किडनी बघावी लागते. माझं क्रिएटिनिन ०.९, म्हणजे कागदावर अगदी नॉर्मल. पण वय आणि ४८ किलो वजन धरून सूत्राने हिशोब केला तर किडनीचं काम मिनिटाला ४५ मिलिलिटरच्या आसपास आलं. ३५ च्या खाली असतं तर हे औषध देता आलं नसतं. बारीक चणीच्या म्हाताऱ्या बायकांनी हा हिशोब मुद्दाम करून घ्यावा. नुसतं क्रिएटिनिन फसवतं.

मग दात. "त्या सलाईनने जबडा कुजतो" हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर मला तीन ग्रुपांतून आला. डॉक्टरांनी तो उडवून लावला नाही, हे मला आवडलं. जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येण्याचा त्रास असतो, पण तो मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांना, ज्यांना हेच औषध फार मोठ्या प्रमाणात आणि वारंवार दिलं जातं. माझ्या डोसला तो अगदी क्वचित, हजारो जणींत एखादीला, आणि बहुधा दात काढल्यावर. म्हणून काढायचा दात आधीच काढून घ्या. माझ्या एका दाढेचं खुंट कधीपासून हिरडीत होतं. ते काढलं, जागा पूर्ण भरून आल्याचं दंतवैद्यांनी लिहून दिलं, तोवर ड जीवनसत्त्वही तिशीच्या वर आलं. ते कमी असताना सलाईन दिली तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन उतरतं, म्हणून ही घाई करायची नाही. मांडी किंवा जांघ विनाकारण दुखायला लागली तर लगेच सांगा, हेही बजावलं. वर्षानुवर्षं ही औषधं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड भलत्याच जागी मोडतं.

मेडिकलवाल्याकडे त्याच औषधाच्या दोन कंपन्यांच्या किमतींत एवढा फरक निघाला की मला चूक वाटली. डॉक्टरांना विचारूनच स्वस्तातलं घेतलं.

सलाईनचा दिवस सोपा गेला. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायले, खुर्चीत बसूनच अर्ध्या तासात सलाईन संपली, सिस्टरने "आजी, आज रात्री ताप येईल, घाबरू नका" म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्या हातावर ठेवल्या. रात्री थंडी वाजून ताप आला, आणि अंग असं दुखायला लागलं की ह्या कुशीवरून त्या कुशीवर होता येईना. सांगितलेलं नसतं तर ह्यांनी रिक्षा बोलावली असती. तिसऱ्या दिवशी उठून कुकर लावला. दुसऱ्या वर्षीच्या सलाईनला जेमतेम कणकण आली. पुढच्या खेपांना त्रास कमी होतो, तसंच झालं.

दुसऱ्या सलाईनआधी, त्याच यंत्रावर, डेक्सा पुन्हा केला. खुब्याचा आकडा उणे २.८ वरून उणे २.६. मला वाटलं होतं जास्त सुधारेल. डॉक्टर मात्र खूश होते, कारण आकडा घसरला नाही आणि नवीन मणका चेपला नाही, औषधाकडून अपेक्षा तेवढीच. दरम्यान न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, मागच्या दारची गुळगुळीत फरशी काढून खरखरीत घातली, आणि ह्यांचा विरोध मोडून पायपुसणी फेकून दिली.

तिसरी सलाईन झाली की डॉक्टर सुट्टी द्यायची की चालू ठेवायची ते ठरवणार आहेत. मणका चेपलेला असल्याने लगेच सुट्टी मिळेलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. मधे दंतवैद्यांनी दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून दात, सुचवलं. सलाईनचं सांगितल्यावर तेच म्हणाले, मग शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज करू. ब्रिज बसवलाय. मार्चमध्ये डॅलसला जायचंय, सलाईनची तारीख ऑगस्टची.